पेशंटसाठीची खुर्ची

नवऱ्याबरोबर दवाखान्यात आली की उल्का उभीच राहायची. बसणाऱ्याची हाडं अन् रक्त तपासणाऱ्या त्या खुर्च्या पेशंटसाठी. तिला काय झालंय? आज मात्र कंबर फारच ठणकली. ती जरा टेकली आणि खुर्चीचा दिवा लाल झाला.

"माझ्या खोकल्याचा असेल," म्हणत तिचा नवरा हेमराज उठला.

डॉक्टर सबनीसांनी उल्कालाच आत बोलावलं. "वहिनी, मायलोमाची शंका आहे. रक्ताचा कॅन्सर असतो तो. रक्त-लघवी अन् हाडातला मगज तपासून खात्री करू. पण हाडं, किडन्या शाबूत आहेत. असलाच तर वेळेत सापडलाय, औषधं आहेत."

"मी वयाचं दुखणं म्हणत राहिलो," मागोमाग आत आलेला हेमराज पुटपुटला.

"म्हणजे खरंच दुखत होतं!" उल्का म्हणाली, आणि पेशंटच्या खुर्चीत पाठ टेकून ऐसपैस बसली.