आईसाठी जरा मोठ्याने

"मोठ्याने बोल रे बाबा! पोटातल्या पोटात काय बोलतोस, सकाळपासून उपाशी आहेस का?"

आईने टेबलावर थाप मारली. दिग्दर्शक दचकला. बिचारा मुळातच हळू आवाजाचा माणूस. त्याने घसा खाकरला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, या वेळी ओरडून.

"शेवटच्या भागाचं संगीत आज पसंत पडलं नाही, तर पुढचं काम निर्माते दुसऱ्याला देणार! माझ्या हातात काही नाही!"

"हां, आता कसं माणसासारखं बोललास," आई म्हणाली.

स्टुडिओच्या दाराशी उभ्या असलेल्या थोरल्या लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धाकटी बहीण या व्हॅम्पायरच्या ॲनिमे कार्टून-मालिकेची संगीतकार. पोरंसोरं तिच्या धून गुणगुणत फिरतात. आणि आज तिचं काम टांगणीला लागलेलं असताना आईने हा तमाशा मांडलेला.

आईचे कान गेल्या वर्षी एकाएकी गेले. तेव्हापासून धाकटीच्या घरात नियमच झाला. बोलण्याआधी टेबलावर थाप मारायची, समोर येऊन उभं राहायचं आणि मग बोलायचं. "ओठ दिसले की कळतं मला," आई म्हणायची. थोरलीने हौसेने कानाचं यंत्र आणलं, तर आईने ते डबीतून बाहेरही काढलं नाही. "कानात झुरळ घालून फिरू का?" वर धाकटीबरोबर रोज स्टुडिओत यायचा हट्ट. आली की खुर्ची धाकटीच्या खुर्चीला चिकटवून बसायची. आता तिथला रेकॉर्डिंगवाला दादासुद्धा थाप मारल्याशिवाय तोंड उघडत नसे. धाकटी हसायची आणि सगळे लाड चालवून घ्यायची.

पडद्यावर चित्र सुरू झालं. व्हॅम्पायरने माणसाची एक अनाथ पोर वाढवलेली. आता ती मोठी झाली, तिला माणसांत राहू दे, म्हणून तो उजाडायच्या आत निघालाय. पोर गाढ झोपलेली. तो पलंगाशी उभा.

"एवढी शेकडो वर्षं जगला म्हणे, आणि कोट एकच," आई म्हणाली. "रक्त पिऊनही अंगाला लागत नाही मेल्याच्या."

रेकॉर्डिंगवाला दादा फिस्सकन हसला. थोरलीने डोळे वटारले, पण आईचं लक्ष असेल तर ना.

मग धाकटीचं संगीत आलं. तळघरातून यावा तसा ऑर्गनचा घुमारा. त्यात इलेक्ट्रिक गिटार गुरगुरायला लागली, मागे जॅझचा ड्रम दबक्या पावलांनी चालला. विहिरीच्या तळाशी बसून गावं तसे पुरुषांचे आवाज. आणि या सगळ्या काळोखाच्या पोटात चेलोवर एक अंगाई. कशाचा कशाला मेळ नाही, तरी सगळं एकमेकांना धरून. धाकटीने नेहमीसारखा तळहात स्पीकरच्या लाकडावर ठेवला होता आणि डोळे मिटले होते. कलावंतांची खुळं, दुसरं काय! पण पोर सोडून जाणारा तो काळा कोटवाला थोरलीला एकदम आपल्यातलाच वाटला.

संगीत थांबलं. दिग्दर्शकाने थाप मारली.

"बासरी, व्हायोलिन, वरचे सूर तुम्ही हल्ली घेतच नाही!"

"नकोसे झालेत," धाकटी म्हणाली. "खालच्या सुरांतच ऊब आहे."

"ते मात्र खरं!"

त्याने शेवटचं दृश्य पुन्हा लावलं. पडद्याकडे वळला आणि पाहता पाहता पुटपुटला, "इथे गिटार नको. पोर जागी होईल. तेवढी काढा."

धाकटी हलली नाही. पडद्याकडेच बघत राहिली.

"काढताय ना?" पाठमोऱ्या दिग्दर्शकाने विचारलं.

उत्तर नाही. थोरली मनात चरफडली. लहानपणापासूनची हट्टी ही! आजच्या दिवशी तरी ऐकावं माणसाचं. दिग्दर्शकाचे खांदे ताठ झाले. "तुम्हाला बदल करायचाच नसेल तर मग..."

धाडकन थाप पडली. पाण्याचा पेला आडवा झाला.

"भिंतीशी काय कुजबुजतोस? तोंड इकडे कर आणि बोल! म्हातारीला ऐकू येत नाही, ठाऊक आहे ना?"

दिग्दर्शक गर्रकन वळला. लालबुंद. धाकटीच्या शेजारच्या खुर्चीकडे बघत तो शब्द तोडून तोडून ओरडला, "शेवटी! गिटार! नको! पोर! जागी होईल!"

धाकटीचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर. मलाही काहीतरी टोचत होतंच."

गिटार गेली. चेलो उरला, आणि त्याच्या मागे नुसता श्वासासारखा ऑर्गन. पडद्यावर त्याने पोरीचं पांघरूण सारखं केलं आणि दार ओढून घेतलं. दिग्दर्शकाने चष्मा काढून शर्टाला पुसला. मग स्वतःहून थाप मारून म्हणाला, "पसंत! पुढची मालिकाही तुमचीच!"

धाकटीने आईला मिठी मारली. आईने तिला ढकललं. "पुरे. केस विस्कटले माझे."

निघताना दिग्दर्शकाने थोरलीला बाजूला घेतलं. "आईंना आता घरीच ठेवाल का? माझा घसा बसला हो." थोरलीने मान हलवली. चुकीचं काय बोलत होता?

धाकटी वायरी गुंडाळायला आत थांबली. लांबलचक बोळातून आई पुढे चालली होती, भिंतीला हात धरून. थोरली बरीच मागे. तिने ओठ जेमतेम हलवले, स्वतःलाच ऐकू जाईल एवढेच.

"उद्यापासून हिला माझ्याकडेच घेऊन जाते. ऐकू येत नाही ते नाही, वर जगाला ओरडायला लावते."

आई थांबली नाही, वळलीही नाही. तितक्याच हलक्या आवाजात म्हणाली, "ने की. पण मग धाकटीसाठी लोकांना मोठ्याने बोलायला कोण लावणार?"