पिंडाला व्हर्मेंतीनो

कावळा शिवला. पण ते तूर्त विसरून जायचं. नागावच्या किनाऱ्यावर ऊन चांगलं चढलं तरी सदूआप्पाच्या पिंडाकडं एकही कावळा फिरकला नव्हता, आणि दहाव्याला जमलेली माणसं लाज सोडून घड्याळं बघायला लागली होती.

आप्पांचा मुलगा स्वराज पिंडापुढं हात जोडून उभा होता. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याच्या मनात काहीतरी राहिलंय. ते ओळखायचं आणि कबूल करायचं, एवढा साधा पेपर. स्वराजला त्यातही नापास व्हायची लक्षणं दिसत होती.

वाडी विकणार नाही, तो म्हणाला. आईला अंतर देणार नाही. सोनलचं लग्न धूमधडाक्यात करतो. सुरूच्या शेंड्यावर बसलेल्या कावळ्यांना त्याच्या बहिणीच्या लग्नात रस नव्हता.

"परीक्षेचं असंल," मामेभाऊ प्रणय कानाशी लागला. "आप्पांचा जीव त्यातच अडकलावता."

स्वराजलाही तेच वाटत होतं. मांडव्याजवळच्या एका रिसॉर्टात तो वेटर होता. वाइनची परीक्षा पास झाला असता तर त्याला खास वाइन वाढणारा माणूस म्हणून बढती होती. परीक्षेत भूमध्य समुद्राकाठचं एक पांढरं द्राक्ष हमखास येतं, असं सगळे सांगायचे. व्हर्मेंतीनो. खाऱ्या वाऱ्यावर वाढणारं, जिभेला तरतरी आणणारं. प्रणय जहाजावर कामाला. त्यानं इटलीहून एक बाटली आणली. स्वराज ड्यूटीवर होता, म्हणून ती आप्पांच्या हाती देऊन गेला.

फिरकीचं झाकण स्वराजच्या हाताला सैल लागलं. तिकडची माणसं मोकळ्या स्वभावाची असावीत, असं तो समजला.

मग रोज सकाळी एक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि मोठ्यानं पाठ करायचं. वास सौम्य, ओलसर. चव किंचित गोड, मागून मीठ, शेवटाला लिंबू. रंग जरासा गढूळ, म्हणजे अस्सल. उघडलेली वाइन दोनतीन दिवसांत उतरते असं पुस्तकात होतं; ही रोज ताजी. चिवट द्राक्ष आहे, स्वराजनं ठरवलं.

आप्पांचा धंदा पर्यटकांना शहाळी विकायचा. कोयता हातात धरून ते दारातून ऐकायचे. "मीठ जास्त तर न्हाय ना लागत?" असं त्यांनी एकदा विचारलंही. बापालाही वाइनची गोडी लागली, म्हणून स्वराजला तेव्हा भरून आलं होतं.

मुंबईत परीक्षेला ओळीनं पेले मांडले होते. तिसऱ्याचा घोट स्वराजनं रीतीप्रमाणे थुंकून टाकला आणि छातीठोकपणे लिहिलं की ही कुठली ते ठाऊक नाही, पण व्हर्मेंतीनो नक्की नाही. बहुधा बिघडलेली आहे.

तीच व्हर्मेंतीनो होती. तो नापास झाला, बढती दुसऱ्याला गेली. फेरतपासणीचा अर्ज त्यानं आप्पांना वाचून दाखवला. "सदर म्हंजे रं काय?" आप्पांनी विचारलं. नाही म्हणायच्या आधी साहेब वाचतात ते, असं स्वराजनं सांगितलं. साहेबांनी वाचलं आणि नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी आप्पा त्याच्या शेजारी येऊन बसले. "माझ्यामुळं झालं रे."

"तुमच्यामुळं काय? जन्मात त्या बाटलीचा वास तरी घेतलात का?"

आप्पा कोयत्याची धार बघायला लागले. बापलेकांचं ते शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी माडाखाली छातीवर हात ठेवून बसले ते उठलेच नाहीत. आप्पांमागोमाग बाटलीही आंबली. स्वराजला वाटलं, तिलाही सुतक असावं.

"परत परीक्षेला बसतो," तो आता पिंडाला म्हणाला. "पास होऊन दाखवतो."

काही नाही. शेवटी त्यानं पिशवीतून बाटली काढली आणि उरलेली पिंडापाशी ओतली. गुरुजींनी समुद्राकडं तोंड फिरवलं. एक कावळा उतरला, मान वाकडी करून बघितलं, आणि परत वर जाऊन बसला.

दर्भाचा कावळा करून उरकू, असं गुरुजी म्हणाले. तेव्हा आई सुरूच्या सावलीतून उठली. स्वराजकडं न बघता ती थेट पिंडाशी बोलली.

"बरं. तुमच्यानं झालं न्हाय ना? मी सांगते त्याला."

कावळा उतरला आणि त्यानं भाताला चोच लावली. माणसं वाळू झटकत उठली.

"काय सांगतेस?" स्वराजनं विचारलं.

"ती बाटली आली त्याच दुपारी संपली. पोर कशावर जगणार ते बघू, म्हणून ह्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा. भानावर आले तवा तळ दिसत हुता. मग रोज तू उठायच्या आधी शहाळं फोडायचे, मीठ टाकायचे, लिंबू पिळायचे, नि भरून ठेवायचे." तिनं पदर सारखा केला. "कशी लागली, म्हणून मी विचारलं. मलापण न्हाय सांगितलं."

कावळ्यानं दुसरा घास उचलला. स्वराजनं त्याच्यापुढं हात जोडले आणि फेरतपासणीचा अर्ज वाचला होता त्याच आवाजात म्हणाला, "महोदय, सदर परीक्षार्थीनं ती वाइन थुंकून टाकलेली आहे. तरी आपण एकदा परत येऊन ती लागते कशी, तेवढं सांगावं, ही नम्र विनंती."