आत्याकडच्या मुक्या भिंती

कुमुदआत्याच्या दारात चपला काढताना मृण्मयीला आतून भिंत बोलताना ऐकू आली.

तिच्या स्वतःच्या घरात, ऑफिसात, लिफ्टमध्येसुद्धा भिंती अखंड बोलत. साहेबांचे निरोप, औषधांच्या आठवणी, साबणाच्या जाहिराती. त्या बंद करायची सोयच नव्हती. फक्त जन्मापासून बहिऱ्या असलेल्या आत्याच्या घराला कुणी बोलक्या भिंती बसवल्या नव्हत्या. जिला ऐकूच येत नाही, तिला विकणार काय? म्हणून मृण्मयी दर रविवारी इथे येई. दोघी वालाच्या डाळिंब्या सोलत बसत आणि बोलायचं ते हातांनी बोलत.

आज वालांची परात तशीच पडली होती. आत्या कोपऱ्यात डोक्याला उशी दाबून बसली होती. तिच्या कानामागे, हाडात पक्की बसवलेली नवी चकती चमकत होती. भिंतीवाल्या कंपनीने ऑपरेशन फुकट करून दिलं होतं आणि पाठोपाठ भिंतीही बसवून दिल्या होत्या.

"अभिनंदन, कुमुदताई!" भिंत पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आता तुम्हीही ऐकू शकता!"

मृण्मयीला बघून आत्याने उशी खाली ठेवली, कारण बोलायला हात मोकळे हवे होते. आवाजाने ती कळवळली, तरी तिने हातांनी विचारलं, "हे थांबतं कधी?"

"थांबत नाही."

"मग इतकी वर्षं तू कसं सहन केलंस?"

मृण्मयीने परातीतला एक वाल उचलला आणि परत ठेवला. मग तिचे हात हळूहळू वर आले.

"मी तुझ्याकडे येत होते."