बाबांचं पहिलं धुणं

आईनं एकदा चुकून सगळे कपडे एकत्र भिजवले. लाल निळ्यात उतरला, निळा पिवळ्याला बिलगला, आणि लेकीनं रडत रडत तेच टी-शर्ट विकायला काढले. कॉलेजच्या पोरापोरींनी रांगा लावल्या. बघता बघता ब्रँड झाला, दुकानं झाली, कारखाना झाला.

पण रोज चुकून चुकून आईचा हात बसला. डाग शहाण्यासारखे पडू लागले, पोरं नाकं मुरडू लागली.

"आई, अगं आधीसारखं बिघडव ना. दुकान बुडेल."

"आता नाही गं जमत. बाबांना बसव. त्यांना धुण्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तर मी त्यांना पुन्हा कधी बादलीला हात लावू दिला नाही."

लेकीचं काम म्हणून बाबांनी जीव ओतला, आणि कामाच्या भरात भानच विसरले. मशीनमधून कपडे निघाले ते लाल लालच, निळे निळेच, पांढरे तर दुधासारखे.

लेकीनं कपाळाला हात लावला. आईनं एक शुभ्र शर्ट उजेडात धरून निरखला.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझे सगळे कपडे हिरवे केलेत, ते धुता येत नव्हतं म्हणून नव्हतंच तर."

बाबा मशीनमध्ये डोकं घालून मोजा शोधू लागले.