शेजारच्या सीटचा स्विच

मिस्त्रीने जीपचा रेडिएटर बाकावर आडवा ठेवला आणि जाळीवरच्या गोल चरांवरून बोट फिरवलं. पंख्याची पाती पुढे वाकून जाळीत घुसली होती.

"काका, पंखा चालू ठेवून पाण्यात उतरलात?"

"उतरलो खरा."

"इतकी वर्षं ओढे-नाले पालथे घालताय. पाण्याआधी पंखा बंद करायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"मलाही कळतं. पण मी तो कधी बंद केलाच नव्हता. मुलगी करायची."

काकांनी आत बोट दाखवलं. स्विच शेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या पार टोकाला होता. मुलगी दहा वर्षांची असल्यापासून ती जागा तिची. काका रस्ता बघत, ती इंजिनाच्या काट्यावर नजर ठेवी. ओढा आला की काका म्हणत, "पाणी." ती स्विच खाली करून म्हणे, "बंद." पलीकडे लागले की "पार", आणि तिचं "चालू". एवढ्या बोलण्यावर दोघांचा अख्खा दिवस मजेत जाई.

मुलगी परगावी गेलेली, म्हणून गेल्या महिन्यात काका एकटेच गेले. ओढ्याशी येऊन सवयीने "पाणी" म्हणाले आणि गाडी खाली घातली. पुढून खरखर ऐकू आली तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला कुणी उत्तर दिलेलं नाही. वाफाळलेल्या गाडीत बसून त्यांना फार एकटं वाटलं होतं. हे मिस्त्रीला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही.

रेडिएटर दुरुस्त होण्यासारखा होता. प्रश्न पंख्याचा होता. मिस्त्रीने फळीवरून खोकी काढली.

"हा एक मोठा, सोळा इंची. हाताने चालू, हाताने बंद. जुन्याच तारांवर बसेल. आणि ही बारा इंचीची जोडी. इंजिन तापलं की आपोआप फिरणार, निवलं की थांबणार. काट्याकडे बघत बसायला नको. एक दगा देईल तर दुसरा घरी आणून सोडेल. एकट्या माणसाला जोडीच बरी."

"एकटा कोण म्हणतो? सुट्टीत येणार आहे ती."

"मग तिलाच विचारा की."

काकांना तेच हवं होतं. 'येतेस ना' असं सरळ विचारायला जीभ रेटत नव्हती, पंख्याचं निमित्त बरं होतं. त्यांनी फोन लावला आणि मिस्त्रीलाही ऐकू जावा म्हणून बाकावर ठेवला.

"रेडिएटर गेला? बाबा, एकटा गेला होतास?" मुलीने पहिलं तेच विचारलं.

"छे. होता एक मित्र."

मिस्त्री हात पुसायला लागला. हात स्वच्छच होते.

काकांनी दोन्ही पंख्यांचं सगळं सांगितलं, इंच न् इंच. शेवटी म्हणाले, "मी म्हणतो, मोठाच घ्यावा. स्विच आहे तिथेच राहील. तुझ्या बाजूला."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. "आले, दोन मिनिटं," ती त्या माणसाला म्हणाली. मग नीट विचार करून बोलली. तिला गाड्यांतलं कळत होतं, काकांनीच शिकवलं होतं.

"जोडी घे, बाबा. आणि पाण्यासाठी बंद करायचा स्विच लागेलच, तो तुझ्या हाताशी घे, स्टिअरिंगजवळ. पट्टा लावून हात पोहोचतो का ते बघ, मगच भोक पाडू दे."

"आणि सुट्टीचं?"

"बघते ना. यंदा जरा अवघड दिसतंय. पंखे बसले की फोटो पाठव हं."

फोन ठेवल्यावर काका खोक्यांकडे बघत राहिले. सल्ला बिनचूक होता. त्यांनी त्यात खोट शोधून पाहिली, ती सापडली नाही.

"जोडी काढा," ते म्हणाले.

रेडिएटर जागेवर चढला, पंखे बसले, नव्या तारा ओढल्या गेल्या. स्विचच्या वेळी मिस्त्रीने काकांना सीटवर बसवून पट्टा लावायला लावला आणि त्यांचं बोट जिथे टेकलं तिथे खूण केली.

"त्या टोकाच्या जुन्या स्विचच्या भोकाला बूच मारू?"

"असू दे. काय खातंय ते."

संध्याकाळी दोघं चाचणीला निघाले. मिस्त्री शेजारच्या सीटवर बसला. चौकापर्यंत जाईतो इंजिन तापलं आणि पंखे आपले आपण सुरू झाले. कुणी काही म्हणायची गरज पडली नाही. मिस्त्री खुशीत होता.

परतताना गाड्या धुवायच्या जागेपाशी रस्त्यावर पाणी साचलेलं दिसलं. टायरचा जेमतेम तळ भिजला असता. काकांनी गाडी हळू केली.

"पाणी," ते म्हणाले.

"हो, त्या धुलाईवाल्याचं. रोजचंच आहे," मिस्त्री म्हणाला. "जाऊ द्या बिनधास्त."

काकांनी हात पुढे करून स्विच खाली केला. पंख्यांचा आवाज थांबला.

"बंद," ते हळूच म्हणाले.

"अहो काका, एवढ्याशा पाण्याला?"

"सवय लावून घेतोय," काका म्हणाले आणि त्यांनी गाडी पाण्यात घातली.