मागच्या काचेखालची फळी

तिसऱ्या खेपेला पुठ्ठ्याचा नमुना गाडीच्या मागच्या काचेखाली चपखल बसला. झुलैखो वाकलेली पाठ सरळ करत बाहेर आली.

"आता कापा," ती नवऱ्याला म्हणाली. "डाव्या अंगाला बोटभर जास्त ठेवा. जास्तीचं घासता येतं, कमी पडलं तर काय करणार?"

शरोफ हसला. "रशियात दोन वर्षं सुतारकाम मी केलं, आणि शिकवतेय ही."

"तिथं दारं केलीत. इथं स्पीकर वाजायचेत."

गाडीची मूळची फळी पातळ होती. आवाज चढवला की पत्र्यासारखी थरथरायची. म्हणून शरोफनं जाड प्लायवूड आणलं, स्पीकरसाठी दोन लंबगोल भोकं कापली. झुलैखोनं खालून लोकरीचा जाड नमदा चिकटवला. नमाजाआधी बोटांवरचा सरस तिनं सुरीनं खरवडून काढला. कातडीला पाणी लागल्याशिवाय वजू कसली व्हायची? मग जमिनीला कपाळ टेकून रोजचंच मागणं मागितलं. यांना परत रशियाला जावं लागू नये.

उपाय या फळीतच होता. इथं कुलोबमध्ये वरातीची गाडी दिसायच्या आधी ऐकू यावी लागते. शुक्रवारी मित्राच्या लग्नात गाडी नीट वाजली, तर हंगामभर लोक भाडं देऊन आपल्यालाच बोलावतील, असं शरोफच म्हणाला होता.

वरून मढवायला कापड पुरेना. झुलैखोनं माहेरच्या गोधडीची गर्द लाल मखमल उसवायला घेतली.

सासू दारातून बघत होती. "अगं, ती तर तू बाळंतपणासाठी ठेवलेली."

"सात वर्षं नुसती घडी घालून पडलीय, ओचाजान. कुणाच्या तरी लग्नाला लागू दे."

सासूचा चेहरा उतरला. ती आत गेली आणि लोणी घातलेला दुधाचा चहा घेऊन आली. सात वर्षांत तिनं सुनेला पहिल्यांदाच हातात चहा दिला.

शुक्रवारी सकाळी फळी बसली. शरोफनं आवाज पूर्ण चढवला. शेजारच्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या, पण फळीनं हूं की चूं केलं नाही.

"उस्ताद आहेस," तो मखमलीवरून हात फिरवत म्हणाला. तिच्याकडे त्यानं बघितलं नाही.

"मीपण येऊ लग्नाला?"

"जागा कुठाय? परतताना नवरीकडच्या बायका बसणार."

नवा कोट चढवून तो गेला.

दुपार कलता कलता लांबून गाणं ऐकू आलं. झुलैखो फाटकापर्यंत धावली. गाणं जवळ जवळ येत होतं, स्वच्छ, कुठे घरघर नाही.

"ओचाजान, ऐकलंत? आपलीच गाडी. मुद्दाम आपल्या गल्लीतून नेतायत वरात. आता नाही हो ते रशियाला जात."

सासू मागे येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात झुलैखोच्या कपड्यांचं गाठोडं होतं.

"नाही जाणार," ती हळूच म्हणाली. "तुझं सामान मागच्या खोलीत ठेवते, पोरी. तू फाटक सताड उघड. नवरीच्या बापानं तीच अट घातलीय, जावयानं गाव सोडायचं नाही."