यंदा पेटी जड आहे

तिच्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. परसातल्या मधमाश्यांच्या पेट्या सासऱ्यांच्या. पेटीची मागची कड एका हाताने जराशी उचलायची आणि आत किती मध आहे ते सांगायचं, ही त्यांची रीत. उभ्या आयुष्यात त्यांचा अंदाज कधी चुकला नव्हता.

त्या वर्षी फुलोरा यथातथाच होता. तरी एका पेटीची कड पहिल्यांदा उचलून सासरे म्हणाले, "सूनबाई, सहा किलो धर." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "नऊ." त्यानंतर तर त्यांना कड उचलता उचलता धाप लागली आणि ते हसत खाली बसले. "पंधराच्या खाली नाही! एवढी जड पेटी जन्मात उचलली नाही. बरण्या धुवायला काढ. पहिली बरणी धाकटीच्या सासरी."

"बाबा, पण फुलं कुठायत? माश्या आणतात तरी कुठून?"

"त्या काय तुला विचारून जातात?"

सुनेने बरण्या धुतल्या आणि उन्हात पालथ्या घातल्या. मग तिला राहवेना. सासरे आत आडवे झालेले पाहून तिने त्याच पेटीची कड धरली.

पेटी दोन बोटांवर अलगद वर आली.

तिने दारातून घरात पाहिलं. खाटेवर सासरे उजवा दंड चोळत होते.



त्याच महिन्याच्या अखेरीस सासरे गेले. बरण्या तेव्हाही पालथ्याच होत्या.